चूलबंद आवतन

मोहिनीची जीभ म्हणजे कात्री, हे रावेरजवळच्या तिच्या गावाला ती अंगणवाडीत असल्यापासून ठाऊक होतं. पण ही पोरगी अख्खं गाव भरल्या पंगतीतून उठवेल, असं कोणाच्या बापालाही वाटलं नव्हतं.

झालं असं, की अकरावीच्या वर्गात एका दीडशहाण्याने रील काढायला लग्नात बार उडवायचा गावठी कट्टा आणला. हातातच उडाला. गोळी नकाशा फाडून भिंतीत घुसली. कोणी मेलं नाही, एवढंच नशीब. मोहिनीच्या बाकावरची अफिफा, तिची जिवाची मैत्रीण, पुढे आठवडाभर ताटली पडली तरी दचकायची. तिचे वडील हनीफभाऊ, बँडवाले. पोरगी जिवंत आहे तेवढं बस, शाळा नको, असं त्यांनी सांगून टाकलं. मोहिनी आधी रडली, मग चिडली. आणि तिचं चिडणं फार वाईट.

कट्टे येतात कुठून? लग्नातून. बार उडवल्याशिवाय ज्यांची मिशी वर होत नाही, असे काका-मामे घरोघरी. आता आपल्याकडे चूलबंद आवतन आलं, की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी मांडवातच जेवायचं. मोहिनी आणि वर्गातली पोरं दारोदार सांगत फिरली: बार उडाला की उठायचं आणि घरी जाऊन चूल पेटवायची. यजमानाची याहून मोठी नाचक्की नाही. आया लगेच तयार झाल्या, त्यांची लेकरं त्याच शाळेत होती ना.

आणि पहिलं लग्न कोणाचं यावं? मोहिनीच्याच भावाचं, चंदनचं. कट्टा मिरवणारे तिचेच काका, प्रेमराजनाना. ते खो खो हसले. "वरण-बट्टी सोडून कोन उठते, पाहतो मी."

मांडवाच्या दिवशी तुपातल्या बट्टीचा आणि घोटलेल्या वांग्यांचा वास वेशीपर्यंत गेला होता. पंगत बसली, हनीफभाऊंचा बँड वाजू लागला आणि नानांनी धाडधाड दोन बार काढले.

मोहिनी उठली. करवलीच ती, भरजरी साडीत. खोटं कशाला सांगू? मागे बघायची हिंमत होईना. मग मागून एक हुंदका आला. एका बैठकीला अकरा बट्ट्या रिचवणाऱ्या, वर्गातल्या स्वप्नीलने तोंडाशी नेलेली बट्टी पत्रावळीवर ठेवली होती. नानांच्या बायकोने, कुंदाबाईने, वरणाचा डाव खाली टाकला. बँड थांबला. मग बठ्ठं गाव उठलं.

अर्ध्या तासात घरोघरी कुकरच्या शिट्ट्या! मोहिनी मागच्या दारी खिचडी टाकत होती, हसत होती, डोळेही पुसत होती. हळद लागलेला नवरदेव ताट घेऊन आला आणि गुमान खाली बसला.

नाना बट्ट्यांच्या ढिगाशेजारी एकटेच तासभर बसले. मग दारात आले. चेहरा उतरलेला, हातात कट्टा.

"हा ठाण्यात देऊन येतो, पोरी. तोवर पंगत मांड."

पोलिसांनी त्यांना तिथेच बसवून घेतलं, केस व्हायची ती झाली. कुंदाबाईने डबा मात्र पाठवला.

संध्याकाळी पंगत पुन्हा बसली. मोहिनी वाढत वाढत हनीफभाऊंपाशी आली. त्यांनीही दुपारपासून काही खाल्लं नव्हतं.

"सोमवारी अफिफाला घ्यायला घरी ये," ते म्हणाले. "बाकावर तिची जागा आहे ना?"

जागा होती. महिनाभर मोहिनीने तिथे कोणाला टेकू दिलं नव्हतं. तिने मान हलवली आणि त्यांच्या पत्रावळीवर दोन बट्ट्या जास्तीच्या वाढल्या.