भिंतीतली चौकट

मी राजुऱ्याचा युसूफ, गवंडी. आजवर कितीतरी जुनी घरं पाडली. लोक विचारतात, "काही जाणवत नाही का हो?" विंचू आणि उंदीर सोडून मला कधी काही जाणवलं नव्हतं. असले किस्से सुरू झाले की मी चहा आणायला उठायचो. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोच वाटतोय...

मूल तालुक्यात, तलावाच्या काठी शंकरभाऊंचं शेतातलं घर आहे. धानाची शेती आणि तलावातली मासेमारी. त्यांच्या आजोबांनी आधी कुडाची एकच खोली बांधली, बांबूचा ताटवा आणि वर मातीचा लेप. मग मातीच्या जाड भिंती आल्या, छपरावर कवेलू आले, पुढे पडवी, मागे गुरांचा कोठा. नंतर आजोबांची दोन मुलं वेगळी झाली आणि मधल्या भिंतीनं घराचे दोन भाग झाले. आता एका बाजूला शंकरभाऊ, दुसऱ्या बाजूला त्यांच्या चुलतभावाची विधवा, सुलोचनाबाई. बोलणं बंद.

शंकरभाऊंना आपला अर्धा भाग पाडून स्लॅब टाकायचा होता. पण छपराचं आढं दोन्ही भागांवर एकच, अखंड सागाचं.

"हे कापलं तर बाईंचं छप्पर बसेल," मी म्हणालो.

"बसू द्या. मी काऊन थांबू?"

दुपारचे बारा वाजले असतील. शंकरभाऊ पडवीत बसले होते. आत मी एकटा माप घेत होतो, टेपचं टोक खिळ्याला अडकवून मागे मागे सरकत. पाठीला गार वारा लागला. टाचेखाली उंबरा आला, तो ओलांडला... आणि मागून आवाज आला, "मिस्त्रीभाऊ, तुमी कुठून आले जी?"

वळलो. समोर चूल, आणि मासे साफ करत बसलेल्या सुलोचनाबाई.

"दारातून आलो ना!"

"कोन्त्या दारातून? माह्या दाराले तं आतून कडी हाय."

मी पुन्हा मागे पाहिलं. सारवलेली सपाट भिंत! टेप कधी सुटून हातात गुंडाळला गेला, तेही कळलं नाही.

बाईंनी पाणी दिलं, कडी काढली. मी कुंपणाला वळसा घालून पडवीत आलो. शंकरभाऊ चमकले. "तुमी आतमधी होते ना? बाहेर कवा गेले?"

सांगितलं तर हसले. मला राग आला. मी सब्बल, म्हणजे पहार घेतली आणि त्या मधल्या भिंतीचा लेप खरवडला. चार बोटं आत लाकडी चौकट निघाली, विटामातीनं बुजवलेली. उंबरा पायांनी मधोमध झिजलेला. इथे दार होतं हे शंकरभाऊंनाही ठाऊक नव्हतं. बाई पलीकडून ओरडल्या, "मी लग्न होऊन आली तवापासून इथी भिंतच हाय!"

मी विटा काढू लागलो, तशा त्याही तिकडून ओढू लागल्या. भोक पडलं. दोघांना एकमेकांचे चेहरे दिसले. बाई म्हणाल्या,

"लई वाळला रे शंकर."

शंकरभाऊंनी भोकाच्या कडेची एक वीट काढून घेतली. मग म्हणाले, "वयनी, सांभाळून. वीट पायावर पडन."

आढं कापलं नाही. स्लॅबची खोली मागे कोठ्याच्या जागी बांधली, दोन्ही घरांसाठी.

गेल्या महिन्यात दोघांनी मला जेवायला बोलावलं. बाई मरळ माशाचा रस्सा वाढत होत्या, तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला नेमकं काय दिसलं?"

"तुमी दारातून आले, तसेच आले. भिंत कवा परत आली, ते मले नाई दिसलं."

मी ताट पुढे केलं आणि भात दोनदा मागून घेतला.