गिअरबॉक्समध्ये नसलेलं चाक

आई गेल्यावर अण्णा उमापूरचं घर बंद करून माझ्याकडं गेवराईला राहायला आले आणि त्यांच्याबरोबर त्यांची जुनी मोटारही आली. माझ्याहून वयानं मोठी, गोल नाकाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगजवळ असलेली. ती चालवायला मला अण्णांनीच शिकवलं. फक्त रिव्हर्स तेवढा राहिला, कारण त्या गाडीत तो पडायचाच नाही. उमापूरच्या अंगणाला दोन फाटकं होती. एकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. "दुरुस्त कावून करीत न्हाईत?" असं कुणी विचारलं की अण्णा म्हणायचे, "गाडी फुडं जायला असती." सगळे हसायचे. मीही हसायचे.

गेवराईतली आमची गल्ली म्हणजे बोळ. गाडी आत घातली की काढताना शेजाऱ्यांना हाका मारून ढकलावी लागे. त्यात दुसरा गिअर चालता चालता आपोआप सुटायला लागला, म्हणून मी गाडी बीडला मिस्त्रींकडं टाकली. त्यांनी गिअरबॉक्स उघडला आणि मला घेऊन भंगारच्या दुकानात गेले. नवे भाग आता कुठं निघत नाहीत. तसले दोन जुने गिअरबॉक्स तिथं मिळाले. एक गंजलेला, पण आतल्या चाकांचे दात शाबूत. दुसरा दिसायला लख्ख, पण दात बोथट झालेले. मी बोट फिरवून पाहिलं आणि गंजलेल्यातलं दुसऱ्या गिअरचं चाक निवडलं. बेअरिंग तेवढं नवीन मिळत होतं, ते नवीनच घेऊ असं ठरलं.

"अन् रिव्हर्सचं चाक?" मिस्त्रींनी विचारलं.

"ते खराब झालंय का?"

"खराब व्हायला पायजे तर असाया पायजे ना, ताई. तुमच्या बॉक्समधी ते चाकच न्हाई."

"तुटून पडलं असेल."

"तुटलं असतं तर बाकीचे दात खाल्ले असते त्यानं. कुणीतरी बॉक्स खोलून, चाक काढून, परत लई नीट बसवलाय."

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "घिऊ नको ते."

"का पण?"

"म्याच काढायला लावलंय. तुझी अक्का गाडीमागं खेळत व्हती. रांगत गेलती. मी गाडी मागं घेतली."

अक्का माझी थोरली बहीण, आष्टीला असते. डावा पाय ओढत चालते. लहानपणी पोलिओ झाला, असं घरात सगळ्यांना सांगितलेलं, तिलासुद्धा. अंगणवाडीत नोकरीला लागल्यावर तिनं गावोगाव बायांसमोर साडी जराशी वर करून तो पाय दाखवलाय. "डोस चुकला की असं व्हतंय, बघा." मी स्वतः ते ऐकलंय. आणि माझी दोन्ही लेकरं डोसाच्या रांगेत सगळ्यांत पुढं उभी केलीत, तिच्याच पायाच्या भीतीनं.

हातातलं चाक मी कधी खाली ठेवलं ते कळलं नाही. बोटांना ग्रीस होतं आणि तीच बोटं मी तोंड पुसायला ओठांवरून फिरवली. मिस्त्रींनी स्टूल पुढं केलं.

"पोलिओ कुणी सांगितला?" मी फोनवर विचारलं.

"तुझी आई म्हणली, असंच सांगू. पोरीला बाप वैरी वाटाया नगं."

मी फोन ठेवला आणि मिस्त्रींना म्हटलं, रिव्हर्सचं चाकही घ्या.

गाडी तयार झाली तेव्हा मी अण्णांना एवढंच म्हटलं, "अक्काला तुम्ही सांगणार का मी सांगू?" ते गाडीत बसले. आम्ही आष्टीला गेलो. अक्काच्या ओसरीवर पाणी पिऊन त्यांनी सरळ सांगून टाकलं, आढेवेढे न घेता, जमिनीकडं बघत.

अक्का रडली नाही. आपला पाय आधी कधी न पाहिल्यासारखा पाहत राहिली. मग म्हणाली, "मी त्या बायांना काय सांगत बसले, अण्णा?" तिनं आम्हाला जेवायला वाढलं, पण स्वतः पानावर बसली नाही.

त्यानंतर बरेच दिवस तिचा फोन नाही. मग एका दुपारी आला. जुजबी काही न बोलता तिनं विचारलं, "तवा आई कुठं व्हती गं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. अण्णा समोर बाजेवर बसले होते. फोन हातात तसाच धरून मी त्यांना विचारलं.

"गाडीत," ते म्हणाले. "माझ्या शेजारी. 'मागं कुनी न्हाई, घ्या' असं तीच म्हणलीती."

अक्कानं ते ऐकलं होतं.

"रविवारी येते," ती म्हणाली. "अण्णाला ईचार, कारळाची चटणी आणू का जवसाची."