न खाल्लेल्या चवींची जाणकार

मिरियम गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली. लंडनच्या ईलिंगमधल्या आम्हा मैत्रिणींच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "आपली मिरियम काल गेली. काय सुंदर गंबो करायची!" मग रांगच लागली... "अन्नपूर्णा होती", "हाताला चव होती". वाचताना मला किळस आली. यांतल्या एकीनेही मिरियमचा गंबो, म्हणजे तो दाट अमेरिकन रस्सा, कधी संपवला नव्हता. "भेंडीचं बुळबुळीत सार" म्हणून तिच्या मागे नाकं मुरडायच्या. आता सात आठवडे झाले, कुणी तिचं नावही काढत नाही. म्हणून मी लिहिते आहे, आणि कुणाला सांभाळून घेणार नाही. स्वतःलाही नाही.

मिरियम अलिबागकडची बेने इस्राएल, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. ती कौन्सिलच्या लायब्ररीत होती, मी त्याच रस्त्यावरच्या फार्मसीत. एकदा लंच ब्रेकमध्ये तिला चॅरिटी शॉपमध्ये तारेच्या बाइंडिंगचं एक जुनं पुस्तक सापडलं. अमेरिकेत, लुइझियानातल्या एका गावच्या चर्चमधल्या बायकांनी काढलेलं. तिथल्या केजन लोकांचं घरगुती जेवण, प्रत्येक पाककृतीखाली बाईचं नाव आणि पानोपानी तेलाचे डाग. झालं, वेड लागलं. पुढे तिने अशी दोनशेच्या वर पुस्तकं जमवली. शेफ लोकांची गुळगुळीत पुस्तकं ती हातातही धरत नसे. "पानं किती स्वच्छ आहेत बघ," म्हणायची, "म्हणजे कुणी शिजवलेलंच नाही यातलं." सुपरमार्केटमधली 'केजन मसाला' लिहिलेली बाटली ती मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत उचलून परत ठेवायची.

पण त्या पुस्तकांतलं निम्मं जेवण तिला वर्ज्य होतं. कोळंबी, खेकडे, डुकराचं सॉसेज... तिचं घर कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे ज्यू नियम पाळणारं; यातलं काही उंबऱ्याच्या आत येत नसे. ती कोंबडी, भेंडी, हॅडॉक मासा यांवर भागवायची. रविवारी तेलात मैदा घालून मंद आचेवर ढवळत उभी राहायची, तो चॉकलेटसारखा गडद होईपर्यंत. तेवढा वेळ दारावरची बेल वाजली तरी हलायची नाही. कोळंबीच्या पाककृती मात्र रात्री उशाशी घेऊन कादंबरीसारख्या वाचायची.

मला हे ढोंग वाटायचं. मी पुण्याची, सुधारलेली, सगळं खाणारी! एका सुट्टीच्या दिवशी मी सगळ्याजणींना जेवायला बोलावलं आणि तिच्याच एका पुस्तकातून गंबो केला. वाडगा हातात घेताना तिने विचारलं, "स्टॉक कशाचा गं?"

"हॅडॉकचा," मी म्हणाले.

दोन वाडगे खाल्ले तिने. "आज जमलाय हं तुला," म्हणाली. त्याचीच तर मी वाट बघत होते. "जमणारच! कोळंबीची डोकी उकळून गाळली आहेत. खाल्लंस ना? काही झालं का तुला?" सगळ्या खिदळल्या. एकीने मला टाळी दिली. हीच ती 'अन्नपूर्णा'वाली.

मिरियमने चमचा खाली ठेवला. आवाजही चढवला नाही. "चव मला ठाऊक होती, सुनीता. इतकी वर्षं वाचतेय. मला खायचं नव्हतं, एवढंच." कोट घातला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला. माफी मागायला नव्हे. "अगं, मस्करी होती," हे सांगायला. तिने फोन ठेवून दिला. पुढे तीन वर्षं बोलणं नाही. मग माझा नवरा गेला. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर ही पातेलं घेऊन उभी. "खाऊन घे," म्हणाली, बाकी काही नाही. त्यानंतर दर गुरुवारी यायला लागली, शेवटच्या आजारापर्यंत. पण माझ्या घरी तिने पुन्हा पाण्याचा घोटही घेतला नाही. मी चहा विचारायची, ती "नको गं" म्हणायची, आणि आम्ही दोघी हवामानावर बोलायचो. इतके गुरुवार गेले, माझ्या तोंडून माफीचा एक शब्द निघाला नाही.

गेल्या आठवड्यात तिचा भाचा डॅनियल मँचेस्टरहून घर आवरायला आला. "आंटी, आत्याचा पुस्तकं तुम्ही घ्या ना. आणि ही फ्रीजर पण रिकामा करायची आहे." त्याच्या मराठीला हसू नये. शेवटचा महिनाभर हॉस्पिटलमध्ये तिच्याशी याच मराठीत बोलत तो बसला होता. शुद्ध मराठीवाल्या आम्ही फुलं पाठवत होतो.

फ्रीजर डब्यांनी भरलेला होता. प्रत्येकावर तिच्या बारीक अक्षरात लेबल... कुणासाठी, आत काय काय. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्याचे चार, डॅनियलचे पाच. तीन माझे.

एक घरी आणून ओट्यावर ठेवला आणि लेबल वाचलं. तेल, मैदा, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, भेंडी, कोंबडी. शेवटची ओळ: स्टॉक कोंबडीचाच. त्यातल्या 'च'खाली दोन रेघा.

मी गंबो गरम केला, बसून संपवला, आणि त्या रिकाम्या डब्यासमोर मोठ्याने माफी मागितली. ऐकायला कुणी नसताना. मला तेवढंच जमतं.