आबांची दोन मतं

राज्यशास्त्र घरी वाचूनही पास होता येतं, असं सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळेच म्हणायचे. त्या तासाला वर्गात बसणं म्हणजे वेळ दवडणं. अकरावीत मी मात्र एकही तास चुकवला नाही. विषयाची फार गोडी होती असं नाही. त्या तासाला सर आम्हाला बोलू द्यायचे आणि मला बोलल्याशिवाय राहवत नसे. माय म्हणायची, हिच्या तोंडाला कुलूप लावलं तर किल्लीही हीच गिळेल.

सर मतदानाचा धडा शिकवत होते. कोणाकोणाच्या घरचे मत देतात, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांचे हात वर गेले. मला तेवढ्यानं समाधान कुठलं! मी उभी राहिले आणि छाती फुगवून म्हणाले, "सर, आमचे आबा तर दोन ठिकाणी देतात. इथं सुरतेला आणि गावाला पण."

खोटं नव्हतंच ते. घरमालकानं मतदार यादी करायला आलेल्या माणसाला सगळ्या भाडेकरूंची नावं दिली होती, म्हणून आबांचं नाव इथं लागलं. खानदेशातल्या आमच्या गावच्या यादीतलं नाव मात्र कोणी कमी केलं नव्हतं. गावची निवडणूक आली की आबा मिलमधून रजा घ्यायचे आणि नंदुरबारकडची गाडी पकडायचे. आमच्या गल्लीत निम्मी माणसं असंच करत. त्यात काही चुकतंय असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं.

सरांनी खडू खाली ठेवला. "बस खाली," ते म्हणाले. "नाव एकाच ठिकाणी असायला हवं. दोन ठिकाणी मत देणं हा गुन्हा आहे." मागच्या बाकांवरचे पाच-सहा हात हळूच खाली आले. तास संपल्यावर सरांनी मला थांबवलं. "घाबरू नकोस, लगेच कोणी धरून नेत नाही," असं सांगून नाव कमी करण्याचा अर्ज कसा लिहायचा ते समजावलं. कुठलं नाव ठेवायचं ते वडलांना ठरवू दे, असंही म्हणाले.

मी घरी येऊन काय सांगितलं? "आबा, पोलीस येतील."

पोलीस मी माझ्या पदरचे घातले. आबांनी सुरतेचं नाव ठेवावं, असं मला वाटत होतं. नळ इथला, गटार इथलं, माझी शाळा इथली. गावात आमचं होतंच काय? पडकी भिंत आणि चार भाऊबंद. सरांच्या तासात शिकलेलं सगळं मी त्यांना ऐकवलं आणि माझी मीच मला फार हुशार वाटले.

आबा मिलमध्ये कापड रंगवायच्या डाइंगच्या मशीनवर कामाला होते. निळे पडलेले हात गुडघ्यांवर ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठे माले कोन वळखस? मिलमा सोळा वरीस झायात, तरी 'ए मराठी' म्हनतस. तठे माले नाववरी हाक मारतस."

"मग जेलात जायचं का?" मी म्हणाले.

अर्ज मीच लिहिला. 'कायमचे स्थलांतर' हे शब्द त्यांनी दोनदा वाचले आणि सही केली. गावाकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर अर्ज तालुक्याला पोचला. गावचं नाव निघालं.

पुढच्या वर्षी गावची निवडणूक लागली. या वेळी एका उमेदवारानं सुरतेतल्या मतदारांसाठी टेम्पो पाठवला. मतदारांना असं फुकट नेणं हाही गुन्हाच, पण तो धडा अजून यायचा होता. सकाळी टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लागला आणि एक जण यादी काढून एकेक नाव पुकारू लागला. नाव आलं की माणूस हसत चढायचा.

आबा अंघोळ करून, धुतलेला सदरा आणि पांढरी टोपी घालून तिथं उभे होते. मी नळावरून हंडा घेऊन येताना ते पाहिलं. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. यादी संपली तेव्हा ते पुढं झाले आणि म्हणाले, "मी नुसता येस. मत नही देवाव."

यादीवाल्याला वाईट वाटलं असावं. "दादा, जागा मतदारांपुरतीच आहे," तो म्हणाला. टेम्पो निघून गेला.

घरात आल्यावर त्यांनी मला विचारलं. रागानं नाही, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं. "नाव काढं की मानूस बी गावना राहत नही, असं लिखेल शे का तुना पुस्तकमा?"

"नाही आबा," मी म्हणाले. मला रडू येत होतं. पोलिसांचं खोटं होतं, हे सांगायला तोंड उघडलं, पण शब्द फुटला नाही. एवढी बोलकी मी!

त्यांनी टोपी काढली, नीट घडी घालून ट्रंकेत ठेवली. मग कामाचा शर्ट चढवला आणि घेतलेली रजा रद्द करायला मिलमध्ये गेले.