काचेवरचा कोतवाल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायको वारली, पण तिलाही शेवटपर्यंत नाही. तुम्हाला का सांगतोय? कोण जाणे — सांगतोय खरा.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चिंचवडच्या माळावर रेडिओचा कारखाना निघाला आणि जवळच्या कुरुळी गावचा मी तिथं रंगारी म्हणून लागलो. कंपनीचा पहिला मार्का म्हणजे समई. आता रेडिओवर समई कशाला, राव? मालकांना नवा मार्का हवा होता. तो मी काढला — हो, मीच! जेवणाच्या सुट्टीत, खोक्याच्या पुठ्ठ्यावर, खडूनं. तारेवर बसलेला कोतवाल पक्षी, दुभंगलेली शेपटी, खाली कंपनीचं नाव.

पुठ्ठा नेला ड्रॉइंग खात्यातल्या खानविलकरनं. रत्नागिरीकडचा, गोड बोलणारा. "मालकांना दाखवतो रे बापू." दाखवला — पण निळ्या कागदावर उतरवून, खाली स्वतःची सही ठोकून. मालकांनी सगळ्यांदेखत त्याची पाठ थोपटली. मी तिथंच उभा, हातात रंगाचा डबा. माझ्याकडे बघून हसला लेकाचा! म्हटलं, येईल माझीही वेळ. घाई कशाला करायची?

रेडिओच्या काचेवर मार्का मागच्या बाजूनं मारतात. म्हणून अक्षरं कापलेला पत्रा पालथा ठेवायचा, तरच समोरून नाव सुलटं दिसतं. आम्हा रंगाऱ्यांना हे पाठ. कागदावरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? पहिल्या काचांना खानविलकर हौसेनं स्वतः आला. पत्रा ठेवला — सरळ. "बापू, असाच ना रे?"

"व्हय साहेब, असाच."

दिवसभर तो पत्रा ठेवत गेला नि मी रंग फवारत गेलो. वरून सगळं झ्याक दिसत होतं. किती वेळा तोंड उघडता आलं असतं? नाही उघडलं. खोटं कशाला बोलू — मजा येत होती.

भट्टीत रंग पक्का झाला, काचा रेडिओत बसल्या, आणि कंपनीचं नाव उलटं! मालक नुसते पेटले. खानविलकर म्हणाला, "मी बापूला विचारलं होतं." मालक माझ्याकडे वळले.

"न्हाई साहेब. मला कुनी इचारलं न्हाई."

त्याला कामावरून काढलं. त्याच्या बायकोला सातवा महिना. कंपनीची खोली सोडून, ट्रंक घेऊन दोघं निघाले. फाटकाशी मला बघून तो थांबला. मला वाटलं, आता शिव्या घालतो.

"पुठ्ठा तुझाच होता, बापू. चुकलं माझं. पण आता खरं सांग रे त्यांना."

मालक दहा पावलांवर उभे होते. मी विडी पेटवली.

मालकांना मग तो पक्षीच नकोसा झाला. मार्क्यात राहिली नुसती तार, एक वाकडी रेघ. ती मी निवृत्त होईपर्यंत रंगवली. माझ्या कोतवालासाठी मी रडलो — आणि खानविलकरसाठी? ट्रंकेखाली वाकलेली त्याची पाठ आठवते, आणि मला अजूनही आधी हसूच येतं.