घट्ट टाके

“पुण्यात एवढी जाड टोपी कोण घालणार गं?” विणकामाच्या क्लासमध्ये एक काकू शेजारणीच्या कानात कुजबुजल्या. मी मान खाली घालून सुलट-उलट विणत राहिले. टोपी कॅनडातल्या रोहनसाठी होती. परवाच त्याने फोनवर सांगितलं, तिथे त्याचं दुसरं कुणीतरी आहे. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तरी क्लासला आले, कारण रिकाम्या हातांचं काय करायचं ते कळेना.

नवशिक्याचे टाके घट्टच पडतात म्हणे. निसटतील या भीतीने आपण लोकर ओढत राहतो आणि शेवटी टोपी कुणाच्याच डोक्यावर बसत नाही.

शिकवणाऱ्या काकूंनी माझ्या सुया हातात घेतल्या. “अगं, हात सैल सोड जरा. कुणासाठी विणतेस एवढी घट्ट?”

मी म्हणाले, “आता कुणासाठीच नाही, काकू.”