समोरून येणाऱ्या गाडीला विचारणं

माझी नोकरी बस डेपोत कंट्रोलरची. चंद्रपूरला बदली होण्याआधी मी बरीच वर्षं अहेरीला होतो. तिथून सिरोंचाकडे निघालेली गाडी जंगलात शिरली की मध्ये फोन नव्हता. गाडी वेळेत आली नाही, तर समोरून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारायचं, "आमची गाडी कुठी भेटली?" तो सांगायचा, "नाल्याच्या अलीकडं उभी हाय, टायर बदलून राह्यले." त्यावरून हिशेब करून मी बाकावर बसलेल्या लोकांना वेळ सांगायचो आणि ती फारशी चुकत नसे. विचारताना गाडीचा नंबर, सुटल्याची वेळ, किती माणसं, टपावर काय माल, सगळं सांगायचं. म्हणजे समोरच्याला नक्की आठवतं. ही सवय अंगात मुरली होती.

दोन हजारचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मोठी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली. आठवा महिना. जावई मालवाहू जहाजावर इंजिनाच्या कामाला होते. जहाजावर झेंडा परदेशी, माणसं चार-पाच देशांची. त्या काळात एडनच्या आखातात चाचे जहाजं पळवत होते आणि माणसांना महिनोन् महिने ओलीस ठेवत होते. तसली बातमी आली की पेपरचं ते पान मी मुलगी उठायच्या आत काढून ठेवायचो.

चंद्रपूरच्या बस स्टँडसमोर एक सायबर कॅफे होता. मालक माझ्याच वयाचा, आधी घड्याळं दुरुस्त करायचा. त्यानेच मला जहाजांचा नकाशा दाखवला. मोठ्या जहाजावर एक यंत्र असतं, ते जहाजाचं नाव, वेग आणि दिशा रेडिओवरून सारखं सांगत राहतं. किनाऱ्यावरचे हौशी लोक अँटेना लावून ते ऐकतात आणि नकाशावर टाकतात. कोणीही पाहावं, पैसे नाहीत. जावयाचं जहाज सुएझ कालव्यातून बाहेर पडताना मी त्या नकाशावर पाहिलं. मुक्कामाच्या जागी गुजरातच्या बंदराचं नाव होतं. वेग ताशी बावीस किलोमीटर.

"आपली सिरोंचाची गाडी खड्ड्यातूनबी याच्यापेक्षा जोरात जाते," मी म्हणालो.

"पण तिच्यात एवढा कोळसा भरता येते का, कंट्रोलर साहेब?" तो हसला.

नंतर जहाज दिसेनासं झालं. पहिले दोन दिवस माझं जेवणात लक्ष लागलं नाही. मग मी त्याच वाटेने येणारी दुसरी परदेशी जहाजं शोधली. तीही तिथेच गायब होत होती आणि आपल्या हद्दीजवळ आली की परत उमटत होती. म्हणजे तो अहेरी-सिरोंचासारखा फोन नसलेला टापू होता. किनाऱ्यापासून लांब गेलं की ऐकणारं कोणी नसतं. त्याच चालीची चार जहाजं मी कागदावर धरली. कालवा सोडल्यावर नऊ ते अकरा दिवसांत चारही पोचली. आमचं जहाज तेराव्या दिवशीही आलं नव्हतं.

घरी मुलगी विचारायची, "बाबा, कुठी आहे?" मी म्हणायचो, "येऊन राह्यलं. रस्ता लांब आहे."

मग मी तेच केलं जे आयुष्यभर करत आलो होतो. जहाजं पाहणाऱ्या हौशी लोकांचं एक पान इंटरनेटवर होतं. तिथे समोरून येणाऱ्यांना विचारायचं ठरवलं. मी सांगत गेलो, कॅफेवाला इंग्रजीत टाइप करत गेला. जहाजाचं नाव, झेंडा, कालवा सोडल्याची तारीख, वेग. भरलेलं आहे, म्हणून पाण्यात खोल बसलेलं. कोणत्या वाटेने येत असेल, याचा माझा अंदाज. पश्चिमेकडे जाणाऱ्या कोणाला भेटलं का? वाचून पाहिलं, काही राहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एकच उत्तर होतं. कॅफेवाल्याने ते आधी मनात वाचलं, मग माझ्याकडे न बघता सांगितलं. "लिहिणारा म्हणते का, हे लगेच काढा. चाच्यांना दिसू नये म्हणून त्या पाण्यातून जहाजं यंत्र मुद्दाम बंद ठेवून जातात. तुम्ही लिहिलेलं कोणीबी वाचू शकते."

मी विचारलं, "कोणीबी म्हणजे?"

"कोणीबी म्हणजे कोणीबी, भाऊ."

जंगलात समोरच्या ड्रायव्हरला विचारलं तर ऐकणारा तो एकच असतो. इथे मी भर बाजारात माइकवरून सांगितलं होतं, की माझा जावई भरलेल्या, हळू चालणाऱ्या जहाजावर अमुक वाटेने येतो आहे. ते काढायला गेलो तर आम्हाला काढता येईना. तो अधिकार पान चालवणाऱ्याकडे. त्याला विनंती पाठवली. तो कुठल्या देशात बसलाय, तिथे दिवस आहे की रात्र, काही माहीत नव्हतं.

दोन दिवस ना विनंतीला उत्तर, ना नकाशावर जहाज. ड्यूटीवर मी चिमूरची गाडी चामोर्शीच्या फलाटावर पुकारली आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या.

त्या संध्याकाळी मुलीने परत विचारलं. मी म्हणालो, "येतच आहे. जास्तीत जास्त एखादा दिवस."

ती भाजी निवडत होती. तिने ताट बाजूला सरकवलं. "बाबा, गाडी लेट झाली की तुम्ही फलाटावरच्या लोकांना जसं सांगता ना, तसंच मले सांगून राह्यले. मी लहानपणापासून ऐकलं आहे ते. काय झालं?"

मी सगळं सांगितलं, विचारलेला प्रश्न धरून. ती रडली नाही. "चला, मले दाखवा," म्हणाली. बायको आडवी आली.

"अवो, आठवा महिना हाय तिचा. दिवेलागणीले कुठी नेऊन राह्यले तिले?"

"घरात बसून जास्त तरास होईल, आई," मुलगी म्हणाली आणि चपला घातल्या.

ऑटोवाल्याला सावकाश घ्यायला सांगून आम्ही निघालो. कॅफेवाल्याने तिच्यासाठी घरातून पाठीची खुर्ची आणून दिली. नकाशा हळूहळू उघडत गेला. आणि गुजरातच्या बाजूला, आपल्या सागरी हद्दीच्या जरा बाहेर, एक ठिपका होता. नाव आमच्याच जहाजाचं. वेग शून्य.

कॅफेवाला म्हणाला, "आलं, बेटा!"

मी वेगाच्या आकड्यावर बोट ठेवलं. जहाज आलं म्हणजे माणूस आला, असं नाही. गाडी डेपोत लागली आणि उतरणारा त्यात नाही, असं मी पाहिलेलं आहे. शिवाय ते चालत का नाही, हद्दीबाहेरच का थांबलंय, हे तो ठिपका सांगत नव्हता. मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिलाही तेच वाटत असावं. तिने मोबाइल मांडीवर उलटा ठेवला होता, तो सुलटा केला.

"तिथून रेंज नाई येणार," मी म्हणालो. "बंदरात जागा रिकामी व्हायची वाट पाहत असन."

"हे खरं सांगता का फलाटावरचं?"

"मले माहीत नाई," मी म्हणालो.

फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. बोलणं झाल्यावर तिने फोन माझ्याकडे दिला. जावई म्हणाले, यंत्र बंद करून, खूप लांबून वळसा घालून आलो, म्हणून उशीर झाला. "बाबा, तुम्हाले काळजी लागली असन."

"लागली होती," मी म्हणालो आणि विचारलेल्या प्रश्नाचंही सांगितलं.

मग ते म्हणाले, "आम्ही परत त्याच वाटेनं जाणार आहोत, बाबा. तेवढं काढून घ्या."

जहाज माल उतरवत होतं तितके दिवस मी रोज कॅफेत गेलो. प्रश्न तिथेच होता. रोज एक विनंती पाठवायची, रोज पान उघडून पाहायचं. जहाज सुटायच्या आदल्या सकाळी पान उघडलं, तर माझा प्रश्न नव्हता. कॅफेवाल्याने तीनदा शोधून पाहिला. नव्हता.

जहाज निघालं. पहिला दिवस नकाशावर दिसलं, पश्चिमेकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर कुठेच नव्हतं. घरी आलो. मुलगी दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"दिसून राह्यलं का, बाबा?"

"नाई."

"मग बरं आहे," ती म्हणाली, आणि आत जाऊन मला पाणी आणून दिलं.